वाटाणेबाईंचा निळा

सोमवार, ६ जानेवारी

निळा जुळला. सही केली. अकरा वाजता, खिडकीपाशी, चांगल्या उजेडात, कार्ड आणि छापलेला नमुना शेजारी शेजारी धरून.

गिऱ्हाईक नवीन आहे. भाजलेल्या वाटाण्यांचा कुरकुरीत खाऊ करतात. पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता वाटाणे भाजतात. मी मनातल्या मनात त्यांचं नाव वाटाणेबाई ठेवून टाकलंय. तीन शाळांच्या कॅन्टीनने महिनाभर ठेवून बघायला होकार दिलाय म्हणे. खपला तर राहील, नाही तर फळीवरून खाली. "तळलेलं नाही हो ताई, मीठ पण बेताचं," हे मला चारदा सांगितलं. मला थोडंच खायचंय? मला छापायचंय.

पाकीट निळं का? तर डिझाइन करणाऱ्या मुलाने त्यांना सांगितलं, निळा म्हणजे विश्वास. शाळेतली पोरं विश्वास खातात हे मला माहीत नव्हतं! बावीस वर्षं मी खाऊच्या पाकिटांचे रंग जुळवतेय. लाल, केशरी, पिवळा, परत लाल. जितकं आतलं वाईट तितका बाहेरचा लाल भडक, असा माझा अनुभव आहे. आणि निम्मं पाकीट हवेने फुगवलेलं.

पुढच्या बाजूला 'पौष्टिक' हा शब्द मोठ्ठा हवा होता त्यांना. म्हटलं, मागे टाका, बारीक अक्षरात. पौष्टिक वाचलं की आई पाकीट उचलते आणि पोरगं खाली ठेवतं. हसल्या. पण ऐकलं.

ठोकळा लाल दिवा दाखवत बसला होता. ठोकळा म्हणजे प्रेसच्या साहेबांनी हौसेने आणलेलं रंग मोजायचं यंत्र. त्याच्यात डिझाइनवाल्या मुलाने पाठवलेला आकडा भरलाय. मी आकड्याशी जुळवत नाही, कार्डाशी जुळवते. गिऱ्हाइकाने रंगाचं कार्ड हातात दिल्याशिवाय मी शाईचं झाकण उघडत नाही. वाटाणेबाईंनाही परत पाठवलं, तेव्हा कुठे धावतपळत कुठूनसं छापून आणलं. अजून ओलसर होतं.

निळ्यात लाल शाई जरा जास्त गेली असं हाताला वाटलं. पण कार्डाशी जुळलं ना? मग झालं.

मंगळवार, ७ जानेवारी

एक मोजा काळा, एक निळा! दिवसभर तशीच हिंडले. घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, बघून घालत जा." बघूनच घातले होते. खोलीतला दिवा बदलायला हवा.

शुक्रवार, १० जानेवारी

लेकीने आज तिसऱ्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढला. मी ताडकन म्हटलं, "प्रेसमध्ये माझ्या डोळ्यांवर सगळे रंग ठरतात, आणि तू मला शिकव." ती ताटं घ्यायला उठली. मग मलाच जेवण गोड लागलं नाही.

खरं इथे लिहिते. वहीच्या पोटात राहील. संध्याकाळी घरी येताना समोरच्या गाड्यांचे दिवे पिंजारल्यासारखे दिसतात. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपते. सहा महिने झाले असतील, जास्तच.

रंगच दिसेनासे झाले तर त्या प्रेसमध्ये मी कोण? चहा पिणारी एक बाई.

सोमवार, २० जानेवारी

वाटाणेबाईंचा फोन. आवाज कसातरी झाला होता. "ताई, हा निळा नाहीये. जांभळा आहे."

मी म्हटलं, शक्यच नाही.

"मी फोनवरच्या डिझाइनच्या चित्राशेजारी धरून बघतेय. माझ्या यजमानांनी बघितलं, शेजारणीने बघितलं. जांभळा आहे, ताई. अख्खाच्या अख्खा."

पाकिटं भरून, चिकटवून, खोक्यांत बसलीत. गुरुवारी शाळांत पोचायची आहेत. परत छापायला वेळ नाही. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. आहे तसं पाठवते." रडल्या असत्या तर बरं झालं असतं. इतक्या शांतपणे बोलल्या की मला फोन ठेववेना.

मंगळवार, २१ जानेवारी

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. कार्ड काढलं, खिडकीपाशी नेलं, पाकीट शेजारी धरलं. जुळतंय! दहादा बघितलं. जुळतंय.

साहेबांकडे घेऊन गेले तर ते कार्डाकडे बघायला तयार नाहीत. "कार्ड राहू द्या, बाई. गिऱ्हाईक जांभळा म्हणतंय, चित्र निळं आहे, ठोकळाही ओरडत होता. आणखी काय हवं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "काळजी करू नका. शाईच खराब आली होती म्हणू. शाईवाल्यावर ढकलू."

नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही.

मशीनमनला बाजूला घेतलं. अठरा वर्षं माझ्या हाताखालचे रोल तोच छापतोय. विचारलं, "छापताना तुला काय दिसलं होतं?"

"जांभळा."

"मग बोलला का नाहीस?"

तो फडक्याने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बाई, तुमची सही होती. मला वाटलं, ऐन वेळी बदललं असेल. आणि मागे एकदा बोललो होतो मी. दोन वर्षं झाली. तुम्ही म्हणालात, डोळे तुझे की माझे?"

म्हटलं असेन. मला आठवतही नाही. त्याला मात्र शब्दन् शब्द पाठ आहे. नंतर कळलं, रोल गुंडाळणाऱ्यालाही दिसलं होतं, पॅकिंगच्या बाईलाही दिसलं होतं. सगळ्या प्रेसला दिसत होतं आणि कुणी तोंड उघडलं नाही. इतकं मी यांना धाकात ठेवलंय?

त्याला कार्ड दाखवायचं मनात होतं. हिंमत झाली नाही. तोही म्हणाला असता 'जुळत नाही', तर? तपकिरी लखोट्यात घालून खणात तळाशी सरकवलं. मला जुळलेलं दिसतंय, याला आता अर्थ काय.

गुरुवार, २३ जानेवारी

आज खोकी गेली असतील. जेवले नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

नात शाळेतून आली आणि दप्तरातून एक पाकीट काढून टेबलावर टाकलं. पाकीट आतून चाटूनपुसून साफ!

"आजी, हे तुमच्याकडे छापलंय का गं? मागे तुमच्या प्रेसचं नाव आहे."

विचारलं, कसं आहे?

"सगळे हेच घेतायत. जांभळं, जांभळं."

"चव आवडली?"

"चव चांगली आहे. पण आधी कुणाला माहीत होती?" आणि गेली हात धुवायला. नववीतली मुलगी, माझ्याशी इतपतच बोलते. एरवी मी तिचा राग केला असता. आज तिच्या मागे मागे न्हाणीपर्यंत गेले. आधी माहीत नव्हती तर घेतलं कसं? ती म्हणाली, "तू ये ना बघायला. कॅन्टीनमध्ये आई-बाबा लोक येतात कधीकधी."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाची रजा टाकून नातीच्या शाळेत गेले. बावीस वर्षांत माझं पाकीट विकत घेताना मी कुणाला उभं राहून बघितलेलं नाही. प्रेसच्या दारातून रोल गेला की माझ्यापुरतं ते संपत आलं आहे.

कॅन्टीन म्हणजे एक लांबट खोली. एक खिडकी, खिडकीत एक बाई, बाईच्या पाठीशी चार फळ्या. घंटा झाली आणि पोरांचा लोंढा आला. मला वाटलं होतं, मुलं पाकीट हातात घेऊन बघत असतील, वाचत असतील, निवडत असतील. कसलं काय! पंधरा मिनिटांची सुट्टी, मागून धक्के, पुढे खिडकी. खिडकीशी पोचलेल्याला दोन श्वास मिळतात. हात लांब करायचा, काहीतरी ओरडायचं, घ्यायचं, बाजूला व्हायचं.

आणि ओरडतात काय? नाव नाही. रंग!

"लाल द्या." "कुठला लाल?" "तो, वरचा." "हा?" "तो नाही हो, शेजारचा!" फळीवर सात लाल होते. त्यातले चार माझेच. प्रत्येक कंपनीला वाटलं, लाल खपतो, आपलाही लाल करा. आता त्या लालात कुणी कुणाला सापडेना. तेवढ्यात मागून एक हात आला, "दोन जांभळे." बाईंनी मागे न बघता दोन पाकिटं काढून ठेवली. झालं. पोरगं गर्दीतून बाहेर, फोडून खातंय, आणि लालवाला अजून बोट दाखवतोच आहे.

मी भिंतीला टेकून मोजत राहिले. सत्तावीस जांभळे.

सुट्टी संपल्यावर कॅन्टीनवाल्या बाईंशी बोलले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "पहिल्या दिवशी लवकर मिळतंय म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी मित्राच्या हातात बघितलं म्हणून घेतलं. आता आवडतंय म्हणून घेतात. आणि माझा घसा वाचतो, ते वेगळंच." एका मुलाने अर्धं पाकीट बाकावर टाकलेलं पण बघितलं, म्हणजे सगळ्यांनाच आवडतंय असं नाही. बाकी बाकांखालची केराची टोपली जांभळी झाली होती. मला मात्र ती निळसर काळपट दिसत होती.

परत येताना डोक्यात एकच घोळत होतं. इतकी वर्षं मी या पोरांचे हात लालकडे ओढत आले आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. रंग जुळला, सही केली. आत काय भरतात ते मी विचारलंच नाही. आज एका चुकीने ते हात भाजलेल्या वाटाण्यांकडे वळलेत. चूक माझी आणि आनंदही मलाच होतोय! लाज वाटायला हवी, ती वाटतेय, पण आनंद जरा जास्त आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

वाटाणेबाई स्वतः आल्या. सगळ्यांना पाकिटं वाटली. महिना पुरा व्हायच्या आधीच तिन्ही शाळांनी कायम ठेवायचं कळवलंय, आणखी अकरा शाळांनी मागितलंय. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, दुसरा लॉट. पण रंग हाच हवा, अगदी हाच. मुलं रंगावर ओळखतात. जरा इकडेतिकडे झाला तर त्यांना वाटेल नक्कल आहे."

साहेब म्हणाले, "बाईंनीच जमवलेला रंग आहे. त्यांच्याशिवाय कुणाला जमणार?"

जो रंग मला दिसलाच नाही, तो परत हुबेहूब जमवायचा!

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीन नमुने करून घरी आणले. एक माझ्या मते अगदी बरोबर. दोन थोडे इकडेतिकडे. संध्याकाळी दिव्याखाली पाकिटाशेजारी मांडले आणि नातीला हाक मारली. म्हटलं, यातला पाकिटासारखा कुठला?

तिने बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आजी, गंमत करतेयस?"

"नाही. सांग."

"हे दोन निळे आहेत. आणि हे, काय म्हणतात, वांग्यासारखं." जे मी बरोबर म्हणून वर ठेवलं होतं, ते निळ्यातलं निघालं.

मी खुर्चीवर बसून राहिले. ती जायला निघालेली थांबली. जवळ आली, माझा चष्मा काढून स्वतःच्या फ्रॉकला पुसून परत घातला. म्हणाली, "आता?" आताही तेच. मग मी तिला सगळं सांगितलं. मोजे, गाड्यांचे दिवे, पायरी, शाईवाला. जगात पहिल्यांदा कुणाला तरी. ती म्हणाली, "मग सांगून टाक ना त्यांना. आम्हाला तर शाळेत आपली चूक सारखी सांगायला लावतात." एवढं सोपं आहे का ते? तिच्या वयाला असेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लेक बरोबर आली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर बाई तरुण आहेत, समजावून सांगतात. "पिवळट काचेतून बघताय तुम्ही. निळा आणि जांभळा आधी जातात. दिव्याच्या उजेडात तर फारच." मी विचारलं, रंग परत येतील का? त्या हसून म्हणाल्या, "येतील. घरातली धूळही दिसेल मग, तयारी ठेवा." डाव्या डोळ्याची तारीख सत्तावीस.

लेक रिक्षात रडली. मी म्हटलं, तू का रडतेस, डोळे माझे. म्हणून झाल्यावर आठवलं, हेच वाक्य मी कुणाकुणाला कसं कसं ऐकवलं असेल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सांगितलं. साहेब, मशीनमन आणि वाटाणेबाई, तिघांना एकत्र बसवून. साहेबांच्या खोलीत नाही, मशीनपाशीच.

म्हटलं, शाई चांगली होती. शाईवाल्याचा काही दोष नाही. मला निळा-जांभळा दिसत नाही. सहा महिने दिसत नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. सही माझी, चूक माझी. हा लॉट मी जमवू शकत नाही.

मशीन बंद होतं. साहेब टेबलावरचा ठोकळा उगाच सरळ करत बसले. सगळ्यात आधी वाटाणेबाई बोलल्या. "म्हणजे ताई, तुम्हाला दिसत असतं तर माझं पाकीट निळं आलं असतं."

"हो."

"आणि डिझाइनवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे मुलांचा माझ्यावर विश्वास बसला असता, आणि त्यांनी लाल घेतलं असतं." आणि हसायला लागल्या. मीही हसले, पण डोळे भरून आले. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या बोटांना भाजल्या वाटाण्यांचा वास येतो.

साहेब म्हणाले, ऑपरेशन करून या. जागा तुमचीच आहे. जीव भांड्यात पडला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लॉट जमवला. मी शाई घालायची, मशीनमनने बघायचं, ठोकळ्याने मोजायचं. समोर जुनं पाकीट, ठोकळ्यातही आता त्याचाच आकडा. माझ्या जुन्या वहीत त्या दिवशीचं शाईचं प्रमाण होतं, तिथून सुरुवात केली. नवीन पिंपातली शाई जरा फिकी, त्यामुळे अडलं.

"अजून लाल," तो म्हणाला.

"एवढा? नासेल ते."

"घाला, बाई. डोळे माझे."

सगळे थबकले. मग मीच हसले. लाल घातला. ठोकळ्याचा हिरवा दिवा लागला. कागदावर सही करताना पेन त्याच्यापुढे सरकवलं. तो नको नको म्हणत होता. पण केली. माझ्या सहीच्या शेजारी, बारीक अक्षरात.

बुधवार, २६ फेब्रुवारी

उद्या. घाबरलेय. नातीने उशाशी जांभळं पाकीट आणून ठेवलंय, पट्टी काढल्यावर पहिलं ते बघायचं म्हणे.

शनिवार, १ मार्च

हा केवढा रंग!

डाव्या डोळ्याने बघितलं. मग उजवा उघडून, डावा झाकून. उजव्यात अजून तेच काळपट. परत डावा. किती वेळ उघडझाप करत बसले होते कुणास ठाऊक. दूध पांढरं आहे. भिंत पांढरी नाही, मळकी आहे, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. नातीच्या डाव्या गालावर तीळ आहे. हा कधी आला? ती म्हणाली, "आजी, जन्मापासून आहे."

दुपारी वाटाणेबाईंचा फोन. पंचवीस शाळा. एका शाळेतली मुलं 'जांभळं' म्हणतात म्हणून कॅन्टीनवाल्याने पाटीवर तसंच लिहिलंय. वाटाणेबाईंनी पाकिटावरचं नावच बदलून तेच करायचं ठरवलंय.

सोमवार, १० मार्च

कामावर पहिला दिवस. बसल्या बसल्या खण आवरला. तळाशी तपकिरी लखोटा. कार्ड काढलं. अकरा वाजत आले होते, तशीच खिडकीपाशी गेले.

कार्ड जांभळं आहे.

पाकिटाशी धरलं. तंतोतंत. वाटाणेबाईंनी घाईघाईत कुठल्यातरी प्रिंटरवर काढलं असणार आणि त्याने निळ्याचा जांभळा केला. त्यांनी बघितलं नाही, साहेबांनी बघितलं नाही, आणि मी बघून जुळवलं. त्या डोळ्यांनी!

साहेबांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले. चूक माझी नव्हती, एवढंच सांगायचं होतं. तेवढ्यात मशीनवरून हाक आली, "बाई, या हिरव्यात पिवळा जास्त झालाय. तुमची सही आहे, पण मला पटत नाही. येऊन बघा."

कार्ड लखोट्यात घातलं, लखोटा खणात. गेले. पिवळा खरंच जास्त झाला होता.